मूर्ती लहान, शंका महान!

मिनिएचर फिगर, म्हणजे माणसांच्या छोट्या मूर्ती, रंगवणं आणि डायोरामा, म्हणजे त्यांचे छोटे देखावे, बनवणं, या छंदाबद्दलचे तुमचे प्रश्न मागवले होते. खरं सांगते, इतके येतील असं वाटलं नव्हतं. बरेच जण एकाच जागी येऊन अडकलेत, त्यामुळे जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे ऐसपैस लिहिलंय आणि बाकीचं पटकन उरकलंय.

प्रश्न : ताई, पहिल्यांदाच २८ मिलिमीटरची फिगर रंगवली. रंग बाटलीतून थेट ब्रशवर घेतला. आता नाक, डोळे, बोटं सगळं बुजलंय, चिखलातून काढल्यासारखी दिसते. फेकून देऊ का?

उत्तर : अजिबात फेकू नका, रंग काढता येतो. ॲक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशने हळूहळू घासा, बहुतेक सगळा निघून येतो. फिगर प्लास्टिकची किंवा रेझिनची असेल तर आधी तळाला एक थेंब लावून बघा, आणि ॲसिटोन तर अशा फिगरच्या जवळपासही नेऊ नका, ती विरघळेल किंवा खराब होईल.

आता चूक कुठे झाली ते. बाटलीतला रंग थेट लावला की थर जाड बसतो, आणि इतक्या लहान चेहऱ्यावर नाकाची उंचीच मुळात जेमतेम असते, जाड थराने ती भरून निघते. रंगात थोडं थोडं पाणी किंवा थिनर घालून तो दुधाइतका पातळ करा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायची, नख जरासं दिसलं पाहिजे पण रंग नखाच्या कडेला ओघळता कामा नये. ब्रश रंगात बुडवल्यावर लगेच फिगरला लावू नका, आधी टिश्यूवर एकदा टेकवा, जादाचा रंग तिथेच राहू दे. पहिला हात दिल्यावर हमखास वाटणार की काहीच झाकलं गेलं नाही, डाग डाग दिसतायत, आणि तिथेच लोक घाबरून वर दाट रंग थापतात. थांबा. पहिला हात पूर्ण सुकू द्या, मग दुसरा, लागलाच तर तिसरा. अर्धवट ओल्या रंगावर ब्रश फिरवलात तर खालचा थर सोलून निघतो आणि तिथे खड्डा पडतो, तो नंतर कशानेच भरत नाही.

आणि एक वेट पॅलेट करून घ्या, आजच करा. झाकणाचा पसरट डबा, त्यात पातळ स्पंज किंवा टिश्यूच्या घड्या पाण्याने भिजवून, त्यावर बेकिंगचा कागद. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. या कागदावर रंग तासन्‌तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा वापरता येतो. फक्त सोनेरी-चंदेरी मेटॅलिक रंग त्यावर घेऊ नका, त्यातली चमक सुटून सगळीकडे पसरते.

प्रश्न : बारीक कामासाठी ००० नंबरचा ब्रश घेतला तरी रेघ तुटक येते. अजून बारीक घ्यावा का?

उत्तर : उलट मोठा घ्या. १ किंवा २ नंबरचा, पण टोक सुईसारखं असलेला. ०००च्या ब्रशमध्ये रंग मावतच नाही, तो फिगरपर्यंत पोचेपर्यंत टोकावर सुकलेला असतो. मोठ्या ब्रशच्या पोटात रंग साठतो आणि टोकाकडे हळूहळू येत राहतो. कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा ब्रश यासाठी उत्तम, पण नुसता घेऊन भागत नाही, सांभाळावाही लागतो. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू द्यायचा नाही, काम झालं की साबणाने धुवायचा, टोक बोटांनी जुळवून ठेवायचं (ओठांनी नाही, तोंडात काही रंगद्रव्यं अजिबात जायला नकोत). रंग कालवायला आणि ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला) जुने, फिसकारलेले ब्रश वेगळे ठेवा. सिंथेटिक ब्रशचं टोक हुकसारखं वळलं असेल तर गरम पाण्यात बुडवून बघा, काही दिवस तरी सरळ होतं.

प्रश्न : माझं काम स्वच्छ आहे, रंग कुठेही बाहेर गेलेला नाही. हातात घेतलं की छान वाटतं, पण शेल्फवर ठेवलं की फिगर चपटी, निर्जीव, खेळण्यातली वाटते. काय कमी पडतंय?

उत्तर : हा प्रश्न वाचला आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण पहिली तीन वर्षं मी नेमकी इथेच अडकले होते आणि कोणी काही सांगत नव्हतं, सगळे म्हणायचे छान आहे.

माणूस आपण लहान करू शकतो, पण ऊन लहान करून शेल्फवर आणता येत नाही. बाहेर सूर्य एका बाजूने येतो, त्यामुळे बाहीच्या चुणीत सावली पडते, टोपीखाली कपाळ काळोखात जातं, खांदा उजळून निघतो. घरात उजेड छतावरून, भिंतीवरून, खिडकीतून सगळीकडून येतो, सावल्या विरघळून जातात. त्यात खऱ्या बाहीवरची दोन सेंटिमीटरची चुणी १/३५ स्केलमध्ये, म्हणजे पस्तीसपट लहान केल्यावर, जेमतेम अर्धा मिलिमीटर उरते, तिच्यातली सावली केसाएवढी, हातभर लांबून ती डोळ्याला दिसणार कशी? म्हणून ऊन आपल्यालाच रंगवावं लागतं. सावली जिथे पडली असती तिथे गडद रंग, उजेड जिथे पडला असता तिथे फिकट, आणि दोघांतला फरक मनाला बरा वाटतो त्याच्यापेक्षा जास्त.

हे जास्त म्हणजे किती, तेच कळत नाही सुरुवातीला. त्यासाठी एक पद्धत सांगते. फिगरला आधी पूर्ण काळा प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, द्या, सुकला की पांढरा किंवा फिकट राखाडी प्राइमर फक्त वरून, तिरका, फिगरच्या डोक्यावर सूर्य आहे असं समजून मारा. कॅन २० ते ३० सेंटिमीटर लांब धरायचा, छोटे छोटे फवारे. दमट हवेत स्प्रे करू नका, रंग रवाळ बसतो आणि तो खरखरीतपणा शेवटपर्यंत छळतो. आता ती काळी-पांढरी फिगर एकाच दिव्याखाली ठेवून फोनवर चारी बाजूंनी फोटो काढा. हा झाला तुमचा उन्हाचा नकाशा. पुढे रंग भरताना फोटो समोर ठेवायचा. रंगवून झालं की परत फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे. दुसरा फोटो नुसता करडा करडा दिसला तर समजा की उजेड हरवला, परत गडद आणि फिकट भागांवर काम करायचं.

सावलीसाठी मूळ रंगात नुसता काळा मिसळू नका, रंग मेल्यासारखा होतो. लालमध्ये गडद हिरव्याचा किंवा निळ्याचा थेंब, पिवळ्यात तपकिरी किंवा जांभळा, असं करून बघा. हायलाइटमध्येही नुसता पांढरा घातला तर लालचा गुलाबी होतो, तिथे नारिंगी किंवा त्वचेचा रंग जास्त चांगला चालतो. आणि शेवटी मॅट, म्हणजे न चकाकणारं, वॉर्निश द्या. फिगर चकाकत असेल तर खोलीतल्या बल्बचा खरा ठिपका तिच्यावर दिसतो, आणि मग तुम्ही रंगवलेलं ऊन आणि खोलीतला बल्ब यांची मारामारी होते, डोळा गोंधळतो. ओले ओठ, डोळे, पॉलिश केलेले बूट, तेवढ्यावर नंतर ग्लॉसचा एकेक थेंब ठेवायचा, बस.

प्रश्न : डोळे काढले की माझा प्रत्येक सैनिक भूत बघितल्यासारखा बघतो. सोपी ट्रिक सांगा ना.

उत्तर : ट्रिकच्या आधी एक साधं गणित. १/७२ ची फिगर तुम्ही ३० सेंटिमीटरवरून बघताय म्हणजे खरा माणूस साधारण साडेएकवीस मीटरवरून बघताय. इतक्या लांबून कोणाच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसतो का? नाही दिसत, भुवयांखाली एक गडद सावली दिसते तेवढीच. म्हणून १/७२ मध्ये डोळे काढायचेच नाहीत, खोबणीत गडद तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडायचा आणि भुवई, गाल, नाकाचा शेंडा उजळायचा. १/३२ मध्ये, म्हणजे ५४ मिलिमीटरच्या फिगरमध्ये, हेच अंतर साडेनऊ मीटरच्या आसपास येतं, तिथे डोळे जाणवतात पण वटारलेले नाही.

मागच्या पावसाळ्यात मी ५४ मिलिमीटरची एक म्हातारी रंगवत होते, दाराच्या पायरीवर बसून पत्र वाचणारी. डोकं पूर्ण सात मिलिमीटरचं, एकेक डोळा मिलिमीटरपेक्षाही कमी. आधी दोन्ही खोबणी गडद तपकिरीने भरल्या, त्यात राखाडीत किंचित गुलाबी मिसळून आडवी रेघ ओढली, कडेने तपकिरी राहील इतकी बारीक. मग बुबुळ. गोल ठिपका द्यायचा नाही, उभी रेघ ओढायची, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत, म्हणजे बुबुळाचा वरचा भाग पापणीत लपतो आणि दचकलेला भाव जातो. पांढरा भाग चारी बाजूंनी दिसला की माणूस घाबरलेला दिसतो, तुमच्या सैनिकांचं हेच झालंय. नजर पण समोर ठेवू नका, डावीकडे किंवा उजवीकडे वळवा, दोन्ही डोळे जुळवायला सोपं जातं. उजव्या हाताने काम करत असाल तर आधी अवघड बाजूचा डोळा काढा, सोपा नंतर त्याला जुळवून घ्या.

तर म्हातारीचे डोळे छान झाले, मी खूश, फिगर पायरीवर बसवली आणि बघते तर तिची मान पत्रावर वाकलेली, त्यामुळे समोरून डोळे दिसतच नाहीत, दिसते फक्त पापणीखालची गडद रेघ. पण ती रेघ इतकी खरी वाटत होती! तेव्हापासून मी आधी फिगर तिच्या जागी टेकवून बघते, कुठून बघितली जाणार ते ठरवते आणि मगच डोळ्यांना हात लावते.

प्रश्न : १/३५ चा डायोरामा केलाय. एक रणगाडा, आठ सैनिक, पडकं घर, विहीर, झाड, सायकल, कुत्रा. प्रत्येक गोष्ट मेहनतीने केली पण बघणारे म्हणतात, "छान आहे, पण चाललंय काय?"

उत्तर : मेहनत कळतेय हो तुमच्या पत्रातून, आणि बघणारे दुष्टपणाने बोलत नाहीयेत, त्यांना खरंच कळत नाहीये की आधी कुठे बघायचं.

डायोरामा हा शब्द कुठून आला माहितीये? १८२२ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर आणि शार्ल बुतों यांनी एक थिएटर उघडलं, त्याचं हे नाव. तिथे ना फिगर होत्या ना नट. पातळ कापडावर रंगवलेली प्रचंड मोठी चित्रं, आणि त्यांच्यावर पुढून-मागून सोडलेला उजेड. उजेड बदलत गेला की त्याच चित्रात दिवसाची रात्र व्हायची आणि लोक अंधारातून तेवढंच बघायचे. हाच दागेर पुढे १८३९ मध्ये फोटोग्राफीची पद्धत जाहीर करून जगभर गाजला. म्हणजे आपल्या छंदाच्या नावातच हे आहे की बघणाऱ्याची नजर उजेडाने धरून ठेवायची.

मग तुमच्या रणगाड्याच्या देखाव्यात सगळ्यात जास्त उजेड कुठे आहे? फोटो काढून डोळे किलकिले करून बघा. माझा अंदाज आहे की तो सगळीकडे सारखाच वाटला गेलाय, सायकलला तेवढाच जेवढा सैनिकाच्या चेहऱ्याला. आधी एक क्षण ठरवा. आठ सैनिक आठ कामं करतायत असा नाही, एकच क्षण, उदाहरणार्थ विहिरीचं पाणी काढलंय आणि पहिला सैनिक पिणार इतक्यात कुत्रा भुंकलाय. आता कोणाची मान कुठे वळेल? सगळ्यांची नाही वळणार, तिघांची वळेल, एक जण थकून झोपलेलाच राहील. मान वळली की बघणाऱ्याचीही नजर तिकडेच जाते, हे इतकं हमखास होतं की बाणसुद्धा लावायला नको. त्या जागी तुमचे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद रंग शेजारी शेजारी आणा, आणि बाकीचं घर, झाड, रणगाड्याचा मागचा भाग थोडा धुळकट, थोडा मंद होऊ दे.

एकच क्षण पुरतो का असं वाटत असेल तर ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम सायबोर्नचं मॉडेल बघा, नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईचं. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, १८३८ मध्ये लोकांसमोर आलं, त्यात शिशा-कथलाच्या ७० हजारांहून जास्त फिगर. इतकी मोठी लढाई, अख्खा दिवस चाललेली, पण त्याने निवडली १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमाराची वेळ, जेव्हा पारडं फिरत होतं. ७० हजार फिगर असूनही एकच क्षण.

वस्तूंचं म्हणाल तर अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात मृत्यूच्या तपासाचं शिक्षण द्यायला १/१२ च्या स्केलमध्ये छोट्या छोट्या खोल्या बनवल्या होत्या. त्यातली प्रत्येक गोष्ट, पडदा, खुर्ची, भिंतीवरचा डाग, तपास करणाऱ्याने वाचायची असायची. तुमची सायकल काय सांगते? तिचा मालक कोण, तो कुठे गेला? उत्तर असेल तर ठेवा, नसेल तर ती पुढच्या डायोरामाला जपून ठेवा, वाया जात नाही.

आणि बेस लहान करा. रिकामी जागा भरायला म्हणून झाड आणि कुत्रा आले असतील तर जागाच कापून टाका. रणगाडा बेसच्या कडेला समांतर ठेवू नका, थोडा तिरका, नाहीतर पार्किंगमध्ये लावल्यासारखा दिसतो. काही चिकटवण्याआधी सगळं नुसतं मांडून दोन-तीन दिवस येता-जाता बघत राहायचं, खाली बसून फिगरच्या डोळ्यांच्या पातळीवरूनसुद्धा.

प्रश्न : नदीसाठी रेझिन ओतलं. रात्रीत अर्धं गळून टेबलावर आलं, उरलेल्यात बुडबुडे. शिवाय स्प्रेने फोमचा डोंगर खड्डे पडून वितळला!

उत्तर : हे दोन्ही माझ्या हातून झालंय, आणि रेझिनचं तर एका दगडी पुलाच्या कामात, चार महिने घालवल्यावर. सकाळी उठून बघते तर नदी कोरडी आणि टेबलावर कडक काच. त्या दिवशी रडू आलं मला. नंतर शोधल्यावर सापडलं की कडेच्या पट्टीला टाचणीच्या टोकाएवढी फट होती. रेझिन पाण्यापेक्षा दाट असतं पण सुकायला तासन्‌तास घेतं, तेवढ्या वेळात ते कुठलीही फट शोधून काढतंच. त्यामुळे ओतण्याआधी सगळा तळ आणि कडा पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात देऊन बंद करायच्या, आणि आधी अगदी पातळ थर ओतून तो गळतोय का बघायचं. एकदम जाड थर ओतला की दोन भागांच्या रेझिनमध्ये उष्णता तयार होते, त्याने ते पिवळं पडू शकतं, तडकू शकतं, फोमलाही धक्का बसतो. एका वेळी किती जाड ओतायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ढवळताना हळू, फेटू नका. वर आलेले बुडबुडे टूथपिकने फोडा.

पाण्याला खोली रंगानेच आणायची असते, काठाला चिखलाचा फिकट रंग आणि मध्ये गडद हिरवट तपकिरी. मग रेझिनचा थर कितीही पातळ असला तरी नदी खोल दिसते.

फोमवर स्प्रे थेट मारू नका, कॅनमधला सॉल्व्हंट थर्मोकोल आणि तसले सगळे फोम खातो, सुपरग्लूचंही तेच. आधी पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंगाचं मिश्रण ब्रशने सगळीकडे लावा, एकही भोक न ठेवता.

प्रश्न : आजोबांचे शिशाचे जुने सैनिक लाकडी कपाटात सापडले. त्यांच्यावर पांढरी पूड आलीये. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला रंगवायला देऊ का?

उत्तर : नका देऊ. ती पूड साधी धूळ नाही, शिसं गंजून तयार झालेला क्षार आहे आणि तो पोटात किंवा श्वासात जाणं वाईट. काही लाकडांतून, विशेषतः ओकमधून, ॲसिटिक ॲसिडची वाफ येत राहते आणि बंद कपाटात ती शिशाला खाते. हातमोजे आणि मास्क घालून सैनिक बाहेर काढा, कोरड्या ब्रशने झटकू नका, हवा खेळेल अशा काचेच्या किंवा धातूच्या कपाटात ठेवा. त्यावरचा मूळ रंग आजोबांच्या काळातला असेल तर तो तसाच राहू द्या, त्याच्यावर नवा रंग चढवू नका, हे माझं अगदी मनापासूनचं मत आहे.

मुलीला प्लास्टिकच्या मोठ्या फिगर आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग द्या, आणि रंग तिलाच निवडू द्या. घोडा जांभळा झाला तर जांभळा.

प्रश्न : वय ६४. हात किंचित थरथरतो, चष्मा आहे. आयुष्यभर इच्छा होती, आता वेळ मिळालाय. उशीर झाला का?

उत्तर : काका, सुरुवात करा. थरथर सगळ्यांच्याच हाताला असते, कमी-जास्त. फिगर बाटलीच्या झाकणावर किंवा लाकडी मुठीवर चिकटवा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही मनगटं एकमेकांना लावून ठेवा, म्हणजे हात हलला तरी फिगर आणि ब्रश एकत्रच हलतात. श्वास सोडताना रेघ ओढा. डोक्याला लावायचा भिंगाचा चष्मा मिळतो, दोन ते अडीच पट पुरे, जास्त घेतला तर काम फार जवळ आणावं लागतं आणि मान भरून येते. दिवा पांढऱ्या उजेडाचा, डाव्या हाताने लिहीत असाल तर उजवीकडून, नाहीतर डावीकडून. आणि २८ मिलिमीटरने सुरू करू नका, ७५ मिलिमीटरची फिगर किंवा नुसता बस्ट घ्या, म्हणजे डोकं आणि खांदे, त्यात चेहरा बराच मोठा असतो आणि उजेड-सावलीचा खेळ नीट खेळता येतो. एका वेळी पाऊण तास, मग उठून खिडकीतून लांबवर बघायचं.

पहिला चेहरा झाला की फोटो नक्की पाठवा, एकाच दिव्याखाली काढलेला.